पाचव्या फाटकाची पाटी

झीटा आणि कासियान यांची ओळख एका गाईने करून दिली, आणि तीही त्याच्या सायकलचं हँडल चघळता चघळता.

टिरोलच्या डोंगरात जून सरत आला होता. पाऊस नुकताच उघडला होता, कुरणातून वाफा निघत होत्या आणि लाकडी घरापुढच्या हौदाला टेकवलेल्या एका सायकलभोवती झीटाच्या चार करड्या गाई जमल्या होत्या. कळपाची पुढारीण सेंटा हिने हँडलला गुंडाळलेल्या पट्टीचं टोक दातांत धरलं होतं आणि सावकाश, एखादी म्हातारी लोकर उलगडते तशी, ती पट्टी सोडवून गिळायचं काम चालवलं होतं. दुसरं टोक धरून एक उंच, चिखलाने माखलेला तरुण तिला विनवत होता.

"अहो… कुणी आहे का घरात? ही तुमची गाय माझी सायकल खातेय!"

झीटा चीजच्या कढईवरून उठून दारात आली. कोपरापर्यंत हात ओले.

"सायकल नाही खात ती. घाम खातेय तुझा. मिठाला सोकावलीय."

"मग आवरा ना तिला!"

"आधी एक सांग. येताना फाटकं लावलीस?"

"तुम्ही एकदम अरे-तुरे—"

"डोंगरावर झाडांची हद्द संपली की सगळे 'तू'च असतात इथे. बिशप आला तरी. फाटकं?"

"लावली ना. तिन्ही. कड्यासुद्धा घातल्या." तो दुखावल्यासारखा म्हणाला. "शेतकऱ्याचा मुलगा आहे मी. फाटक उघडं टाकलं म्हणून बापाचा इतका मार खाल्लाय की अजून फ्रीजचं दारसुद्धा दोनदा ओढून बघतो."

झीटाला हसू आलं. तिने सेंटाच्या नाकावर हलकीच चापट मारली. "थुंक गं." सेंटाने उरलेली पट्टी थुंकली. तिच्यात आता सायकलवाल्याने घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिने त्याला ताक दिलं. तांब्याएवढा पेला त्याने एका दमात संपवला, मिशीवर ताक राहिलं, आणि ते पुसायला सांगावं की नको याचा विचार करताना झीटा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली… मग सांगितलं.

त्याचं नाव कासियान. दोन खोरी पलीकडचा. लेर्खाऊ गावातून निघून, जंगलातल्या कच्च्या रस्त्याने झीटाच्या कुरणावरून वर खिंडीत, तिथून पलीकडच्या बाखेन गावात आणि नदीकाठाने परत लेर्खाऊला, असा सायकलचा एक फेरा त्याला पर्यटन खात्यासाठी आखायचा होता. त्या फेऱ्यासाठी त्याच्यासारखीच सायकल लागायची: हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, खडीवर आणि मुरमावर चालणारे.

"म्हणजे पगार घेऊन वाईट रस्ते शोधतोस?"

"फार वाईट नसलेले वाईट रस्ते." तो म्हणाला. "फरक आहे."

"सापडला का एखादा?"

"आत्तापर्यंत बरा होता. मग गाय लागली."

लेर्खाऊची कुरण सोसायटी हा रस्ता सायकलींना द्यायचा की नाही ते हंगामाच्या शेवटी ठरवणार होती. झीटाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिची काळजी वेगळी होती.

गावाची गुरं इतकी वर्षं लुइस मामाने राखली. झीटा शहरात एका दातांच्या दवाखान्यात कामाला, पण दर उन्हाळ्याची सुट्टी मामाच्या हाताखाली जायची. गेल्या हिवाळ्यात मामा शिडीवरून पडला आणि त्याचा खुबा बदलावा लागला. मग झीटाने नोकरी सोडली आणि गुरं मागितली. सोसायटीचे चेअरमन एगिड यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "एक उन्हाळा बघू." त्यांचा पुतण्या तर त्या कामासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाच होता.

कसोटी सोपी होती आणि सगळ्या गावाला ठाऊक होती. सप्टेंबरात गुरं खाली उतरतात. उन्हाळा निर्वेध गेला असेल तर सेंटाच्या डोक्यावर मोठा मुकुट चढतो, सुरूच्या डहाळ्या, कागदी गुलाब, फिती आणि मधोमध छोटा आरसा. बाकीच्यांना लहान मुकुट. पण एक जरी जनावर दगावलं, किंवा गाडीत घालून खाली आणावं लागलं, तर सगळा कळप बोडक्या डोक्याने गावातून जातो. कुणी काही बोलत नाही. लोक दारात उभे राहून नुसते बघतात. ते बघणं झीटाने लहानपणी एकदा पाहिलं होतं. त्या वर्षीचा गुराखी दुसऱ्या वर्षी दिसला नव्हता.

मुकुट चढला तर कुरण तिचं. नाही तर परत लोकांच्या दाढा.

* * *

कासियान पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. म्हणाला, रस्त्याखालच्या एका मोरीचं माप राहिलं. मग पुन्हा आला; पाऊस झाला होता, पाण्याने रस्ता कुठे कापलाय ते बघायचं होतं. रस्त्यात ठिकठिकाणी पाणी वळवायला आडव्या लाकडी पन्हळी बसवल्या होत्या. त्या खडीने तुंबल्या की पाणी रस्त्यावरून धावायचं. कासियान त्या एकेक करून हाताने साफ करत वर यायचा. पोचायचा तेव्हा इतकी धाप लागलेली असायची की बराच वेळ तोंडातून शब्द फुटत नसे.

"बस. मेलास तर तुला खाली कोण नेणार?" झीटा म्हणायची आणि ताक पुढे करायची.

"गाडीतून… नको… नेऊ," तो धापा टाकत म्हणायचा. "मुकुट… जाईल तुझा."

"मुकुटाचं नाव काढू नकोस. उतरायच्या आधी बोलत नाहीत त्याबद्दल."

"मग हे काय करतेस?"

ती कागदी गुलाब वळत होती. बोलायचं नसलं तरी करून ठेवावे लागतातच. तो शेजारी बसला आणि मागितल्याशिवाय एक कागद उचलला. त्याच्या हातून जे झालं ते बघून झीटा खो-खो हसली.

"हा काय, कोबी?"

"आमच्या खोऱ्यात गुलाब असेच असतात."

"मग तुमच्या खोऱ्यातल्या मुलींची कीव येते मला."

"त्यांनाही येत होती… माझी," तो म्हणाला आणि दुसरा कोबी वळायला घेतला. त्यांचे हात एकमेकांना लागत होते. कुणीही हात मागे घेतला नाही, आणि दोघंही कागदाकडे नको तितकं लक्ष देत राहिले. झीटाने तो पहिला कोबी टाकून दिला नाही. का, ते तिला स्वतःलाही सांगावंसं वाटलं नाही.

जुलैत सायकलवाले यायला लागले, रस्ता अजून ठरला नव्हता तरी. एका रविवारी कुणीतरी दुसरं फाटक उघडं टाकलं आणि तीन कालवडी पार जंगलात उतरल्या. त्या शोधून आणेपर्यंत झीटाचा जीव टांगणीला लागला होता. कासियान दिसताच तिने सगळा राग त्याच्यावर काढला.

"पाट्या लाव! प्रत्येक फाटकावर! मोठ्या अक्षरांत! 'फाटक लावा.' वाचता येत नसेल तर चित्र काढ!"

"प्रत्येक?"

"एकूण एक!"

दोन दिवसांनी पाचही फाटकांवर पाट्या आल्या. अक्षर कासियानचं, आणि खाली खरंच एका गाईचं चित्र. तिच्या तोंडात सायकलचं हँडल होतं. झीटा त्या दिवशी पाचव्या फाटकापर्यंत चालत गेली, केवळ बघायला, आणि परत येताना एकटीच हसत होती. तिला तो आवडतो हे तिने तिथेच, उतरता उतरता, स्वतःशी कबूल करून टाकलं. मग गोठ्यात जाऊन धारा काढल्या. गाईंना प्रेमबीम कळत नाही. वेळेवर धार लागते.

* * *

पाचव्या फाटकाची गोष्ट जरा निराळी होती. ते सगळ्यांत वरचं, उंचावरच्या गवताचं दार. जुलैभर ते गवत वाढू द्यायचं म्हणून बंद. ऑगस्टअखेर गाई वर चढवल्या की मात्र ते सताड उघडं ठेवून मोठा धोंडा लावायचा. मग दिवसभर गाई वर चरतात, आणि संध्याकाळी किंवा हवा फिरली की आपणहून खाली गोठ्याकडे येतात. गाईला हवा माणसाआधी कळते. फक्त तिची वाट मोकळी हवी. खिंडीच्या बाजूला कुंपण नव्हतं. तिथे नुसते दगड. दगड खायला कुठली गाय जाते?

झीटाने धोंडा लावला. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्याच घरावरची पाटी कोण वाचतं?

सप्टेंबर उजाडला. उतरायला थोडेच दिवस राहिले होते, आणि मुकुटाच्या फिती कमी पडल्या. स्वच्छ ऊन होतं. सकाळच्या धारा झाल्या, गाई वर गेल्या आणि झीटा फिती आणायला गावात उतरली. दुकानातून बाहेर पडते तो डोंगर दिसेना. पहिल्या फाटकाशी पोचेपर्यंत पाऊस, तिसऱ्याशी बर्फ. गोठा रिकामा होता.

ती तशीच वर धावली. कळप पाचव्या फाटकापाशी होता, पलीकडच्या बाजूला, अंगाला अंग लावून, पाठीवर बर्फ घेऊन. फाटक बंद होतं. कडी घातलेली. धोंडा बाजूला ढकललेला.

तिने फाटक उघडलं, गाई तिच्या अंगावरून धडपडत खाली गेल्या, आणि एकेकीला हात लावून ओळखताना तिच्या लक्षात आलं की फिंका नाही. फिंका म्हणजे चेअरमनची कालवड. तिने हाका मारल्या. उजेड होता तोवर बांध, ओहोळ, कडे सगळं धुंडाळलं. मग गोठ्यात ओरडणाऱ्या गाईंसाठी तिला परतावं लागलं. खिशातल्या फितीची गुंडाळी ओली झाली होती. ती चुलीत टाकावीशी वाटली, पण टाकली नाही.

* * *

सकाळी लुइस मामाची जीप वर आली. शेजारी कासियान, मागे त्याची सायकल. तो वाटेत बर्फातून सायकल ढकलताना मामाला भेटला होता.

"हा येडा चालत निघाला होता तुझ्याकडे," मामा काठी टेकत उतरला. "सगळी ठीक आहेत ना गं?"

"फिंका नाही." झीटाचा आवाज बसला होता. "कुणीतरी पाचवं फाटक लावलं, मामा. पाटी वाचून. कुणी शहाणा असणार मेला, कडीसुद्धा घातली."

कासियान जागीच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"झीटा… मी लावलं."

"काय?"

"काल आलो होतो. तू नव्हतीस. पलीकडे बाखेनला जायचं होतं मला. फाटक उघडं दिसलं. वाटलं, कुणी सायकलवाला टाकून गेला. धोंडा होता, तो मीच ढकलला."

"अरे पण धोंडा कुणी उगाच लावतं का?" मामा ओरडला. "शेतकऱ्याचा पोर म्हणवतोस ना?"

"आमच्याकडे फाटक उघडं ठेवतच नाहीत, मामा. कधीच नाही. मला वाटलं…" तो झीटाकडे बघत होता. "मला वाटलं, तुझं काम केलं."

झीटाला त्याला मारावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. जगातल्या कुठल्याही उडाणटप्पूने फाटक उघडं टाकलं असतं तर चाललं असतं. याने नेमकं लावलं होतं! त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट ही की 'एकूण एक' असं ओरडून तिनेच सांगितलं होतं आणि त्याने तिचा शब्द पाळला होता.

"तुझ्या चांगुलपणाने माझी कालवड गेली," ती म्हणाली. "मामा, धारा तुझ्याकडे." आणि ती वर चालू लागली.

मागून बर्फात पावलं वाजत होती, आणि सायकलच्या चाकाची टकटक. तिने मागे वळून बघितलं नाही. पण परत जा असंही म्हणाली नाही.

वरचं कुरण दोघांनी पुन्हा पालथं घातलं. काही नाही. खिंडीत पोचले तेव्हा ऊन पडलं होतं आणि पलीकडच्या उतारावर बर्फ जवळपास नव्हताच. ओली खडी चमकत होती. कासियान दहा-पंधरा पावलं पुढे गेला आणि एकदम गुडघ्यावर बसला.

"झीटा! शेण!"

कुणी सोनं सापडल्यावर ओरडणार नाही इतक्या आनंदाने तो ओरडला. ती धावली. रस्त्याच्या मधोमध, बेताचं, कालवडीचंच. पुढच्या वळणावर आणखी.

"रस्त्याने गेलीय," तो म्हणाला. "फाटक बंद, बर्फ तोंडावर. ज्या बाजूला चालायला सोपं, तिकडे गेली. दोन्ही बाजूंना कडे आहेत, पण रस्ता सोडलेला नाही तिने."

"बाखेनपर्यंत?"

"उतार हलका आहे. मी मुद्दाम हीच वळणं घेतली. तू सायकल घे आणि पुढे हो. मी पळत येतो."

"मला ही असली सायकल येत नाही."

"ब्रेक इथे. दोन्ही एकदम दाबू नकोस. पन्हळ आली की पेडलवर उभी राहा. पुढे बघ, चाकाकडे नको." त्याने सीट खाली केली, तिचे हात हँडलवर ठेवले, आणि क्षणभर त्याचे हात तिच्या हातांवर राहिले. "आणि… सांभाळून जा."

"कालवडीची काळजी कर."

"तिचीच करतोय. तू पडलीस तर तिला शोधणार कोण?"

ती निघाली. पहिल्या वळणाला जीव मुठीत होता. तिसऱ्याला वारा कानात शिरला, खडी टायरखाली करकरू लागली, पिवळी पडू लागलेली झाडं दोन्ही बाजूंनी मागे गेली, पन्हळींवर चाकं खडखडली आणि तिला मजा वाटली. खरीखुरी मजा. कालवड हरवलीय, उन्हाळा बुडालाय आणि आपल्याला मजा वाटतेय, याचा तिला भयंकर राग आला. पण ब्रेक काही तिने दाबला नाही.

फिंका बाखेनच्या खाणावळीच्या परसात उभी होती आणि वाफ्यातल्या सॅलडच्या पाल्याची शेवटची ओळ संपवत होती. मागच्या पायाने जरा लंगडत होती, एवढंच. झीटाने सायकल तशीच टाकली आणि तिच्या गळ्यात पडली.

"तुमचीच ना?" खाणावळवाली दारातून म्हणाली. "वाटलंच. लेर्खाऊची गुरंसुद्धा जेवायला आमच्याकडेच येतात."

"भरपाई देते मी—"

"भरपाई राहू दे. तिकडे जाऊन सांग, बाखेनचं सॅलड चांगलं असतं म्हणून."

कासियान धापा टाकत पोचला तेव्हा दोघी हसत होत्या. त्याने फिंकाकडे बघितलं, मग झीटाकडे, आणि खाली बसून डोळे पुसले. घाम होता, असं तो नंतर म्हणाला.

* * *

आता प्रश्न फिंकाला न्यायचा. खाणावळवालीकडे जनावरांची गाडी होती. नदीकाठच्या डांबरी रस्त्याने जेवणाआधी लेर्खाऊत पोचली असती.

"आणि मुकुट जाईल," कासियान म्हणाला.

"जाईल."

"मग चालत नेऊ. आज पाय शेकू, उद्या निघू. आल्या वाटेने वर, खिंडीतून तुझ्या कुरणात. तिथून कळपाबरोबर ती आपल्या पायांनी उतरेल."

"लंगडत्या कालवडीला डोंगर चढवायचा?"

"मी तो चढ दमलेल्या माणसांसाठी काढलाय, झीटा. सगळ्यांत दमलेल्या माणसासाठी. तिला जमेल."

मामाला फोन केला, धारा त्याच्याकडेच ठेवल्या आणि खाणावळीत दोन खोल्या घेतल्या. दोनच ना, हे लुइस मामाने पुढे तीन वेळा विचारलं.

सकाळी निघाले. पुढे झीटा दोरी धरून, मधे फिंका, मागे कासियान सायकल ढकलत. प्रत्येक वळणावर थांबत होते, फिंकाला पाणी पाजत होते. घाई करण्यात अर्थच नव्हता. झीटाला इतका सावकाश दिवस उन्हाळाभर मिळाला नव्हता.

"चेअरमनला मी सांगेन," कासियान मागून म्हणाला. "फाटक मी लावलं ते."

"सांगशील आणि रस्ता घालवशील. ते तुला कशाला संमती देतील?"

"नाही दिली तर नाही दिली."

"इतके महिने खपलास की या रस्त्यासाठी."

त्याने सायकल एका पन्हळीवरून उचलून पुढे ठेवली. 

"रस्त्याचं काम जुलैतच संपलं होतं," तो शेवटी म्हणाला.

झीटाने मागे बघितलं नाही. "मग ऑगस्टभर काय करत होतास?"

"पन्हळी साफ."

"इतक्या साफ पन्हळी अख्ख्या टिरोलमध्ये कुणाच्या नसतील. मला काय कळत नव्हतं?"

"कळत होतं? आणि बोलली नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. पण तुला पोचल्यावर बोलताच यायचं नाही… धाप लागलेली."

तो थांबला. फिंकाही थांबली. झीटा आता वळली.

"आत्ता नाही लागलेली," कासियान म्हणाला. "तर बोलतो. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. गाय पट्टी खात होती आणि तुला फाटकाची पडली होती, तेव्हापासून. हा उन्हाळा मी तुझा बुडवला असेल तर… मला आयुष्यभर वाईट वाटेल. पण आवडतेस, ते आहेच."

"मी काल तुला काय काय बोलले."

"खरं तेच बोललीस."

"निम्मं खरं. धोंड्याबद्दल तुला सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी फितीसाठी गुरं सोडून गेले." ती जवळ आली. फिंका मधे होती म्हणून तिच्या पाठीवरून वाकावं लागलं. "मलाही आवडतोस," झीटा म्हणाली आणि त्याच्या चिखलट गालाचं तिने चुंबन घेतलं. फिंकाने संधी साधून हँडल चाटायला घेतलं.

* * *

दोघांनी मिळून चेअरमनला सांगितलं, काही न लपवता. एगिड आजोबांनी हनुवटी खाजवली. पुतण्या दाराशी उभाच होता.

"जनावर गेलं की कुरण गेलं, असं ठरलेलं," तो म्हणाला.

"गेलंय का जनावर?" एगिड त्याच्यावर खेकसले. मग झीटाकडे वळले. "गाडीत घातली होती?"

"नाही. चालत गेली, चालत आली."

"म्हणजे माझी कालवड खिंड दोनदा चढली-उतरली." त्यांना कौतुक वाटल्यासारखं झालं. "या वर्षी बाकीच्यांच्या गाईंनी काय केलं? बसून खाल्लं. तिलाही मुकुट घाला. आणि तू रे, सायकलवाल्या…"

"जी."

"कालवडीला जमलेला रस्ता माणसांना जमेल. मी तरी हो म्हणेन, बाकीच्यांना समजावतो. पण ती पाटी बदल. आधी विचारायचंस, मग रंगवायचंस."

उतरायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. सेंटा पुढे, मोठा मुकुट डुलवत, जणू कुरण तिनेच राखलं. फिंका किंचित लंगडत मधे चालत होती. तिच्या मुकुटात एक गुलाब असा होता की बघणाऱ्याला कोबी वाटावा. गावात लोक दारात उभे होते, पण गप्प नव्हते. कुणी शिट्टी मारली, कुणी टोप्या हलवल्या. लुइस मामा काठी उंचावून प्रत्येकाला सांगत होता, "भाची आहे माझी!" आणि रडत होता. झीटाने रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते ठरवणं पुलापर्यंत टिकलं.

पण हे नंतरचं. त्याआधी, सकाळी शेवटचं चरून कळप वरच्या गवतातून निघाला तेव्हा कासियान सगळ्यांत शेवटी होता. पाचव्या फाटकाशी तो थांबला. त्याच्यावर नवी पाटी होती: 'फाटक जसं दिसेल तसंच ठेवा.' गाय तीच होती, हँडल चघळणारी.

"झीटा! हे लावू?"

"नको! हिवाळ्यात फाटकं उघडीच ठेवतात. बंद ठेवली तर बर्फाच्या ओझ्याने मोडतात."

तो सायकल हातात धरून तिच्याजवळ आला. गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज खाली खाली जात होता.

"आणि तू? हिवाळ्यात?"

"मामाकडे. गावात. चर्चमागचं घर."

"तिकडे आलो तर?"

"ये की." झीटाने त्याच्या कॉलरवरची सुरूची डहाळी झटकली. "दार उघडंच असेल." ती गाईंमागे दोन पावलं गेली, आणि वळून म्हणाली, "पण आत आलास की लावून घे हं. कडीसकट. थंडी फार असते."